पाचजणींतली एकच

ओसाकाचा इहारा साइकाकू. १६८६ साली त्याने पाच बायकांच्या प्रेमाचं पुस्तक लिहिलं. त्यातली भाजीवाल्याची पोर ओशिची आगीमुळे आईबरोबर मठात आसऱ्याला आलेली. तिथल्या एका कोवळ्या पोराच्या बोटात कुसळ रुतलं होतं. आईची नजर पुरेना, म्हणून चिमटा ओशिचीच्या हाती आला. कुसळ निघालं, जीव मात्र अडकला. पुढे त्याला भेटायची वाट सापडेना. पुन्हा आग लागली तर पुन्हा मठात जाता येईल, म्हणून तिने स्वतःच आग लावली. सरकारने तिला जिवंत जाळलं.

पाचजणींपैकी तिघींचा जीव गेला, एक संन्यासिनी झाली. सुखाला लागली एकटी ओमान. तिचा जीव गेंगोबेईवर, त्याला ओढ पोरांची. ओमान पोराचा वेश करून डोंगरावरच्या त्याच्या झोपडीत गेली. शेवटी तिला नवरा मिळाला आणि बापाच्या कोठारांच्या किल्ल्याही. बाईच्या वेशात मागितलं तर मरण नाहीतर मठ, आणि पुरुषी वेशात मागितलं तर किल्ल्या! जपानच्या रंगभूमीवरून बायकांना १६२९ सालीच हाकललं होतं, त्यांचं सोंग पुरुषच घेत. साइकाकूला मी मोठा लेखक मानतो. पण त्या पाचजणींना काय हवं होतं, हे आपल्याला तोच सांगतो.

पेशवाईतली लावणी काय वेगळी? बाईची तगमग, रुसवा, शेजेची तक्रार, सगळं ‘मी’ म्हणून. लिहिणारे होनाजी, परशराम, सगनभाऊ. लुगडं नेसून नाचणारा नाच्या पोरगा. पुढे आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याचे शाहीर पठ्ठे बापूराव नर्तकी पवळाबाईपायी घरदार, जात सोडून तमाशाच्या फडात आले. हिंमत मोठीच. पण लावण्या बापूरावांच्या नावावर राहिल्या. पवळाबाईच्या नावावर काय आहे? तिचं रूप आणि त्याच्या आख्यायिका.

बाईला लिहिता येत नव्हतं, ही सबब चालायची नाही. मराठ्यांच्याच तंजावरात, प्रतापसिंहाच्या दरबारात मुद्दुपळनी या गणिकेने राधेची इच्छा तेलुगूत स्वतः लिहिली. १९१० साली गायिका नागरत्नम्मांनी ते काव्य छापलं आणि इंग्रज सरकारने अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली.

आता आपल्याच जिल्ह्यातलं जत. मार्गशीर्षात यल्लमादेवीची यात्रा भरते. जनावरांचा बाजार, भंडारा, चौंडक्याचा घुमारा. याच देवीच्या नावाने पिढ्यान् पिढ्या काय चाललं? पोरीच्या केसांत गुंता झाला की ती जट, जट म्हणजे देवीचं बोलावणं. गळ्यात दर्शन, म्हणजे देवीची मण्यांची माळ, बांधलं की पोर देवीला सोडली, जोगतीण झाली. तिचं लग्न नाही, पण गावातला कुणी पैसेवाला तिचा मालक. सोडलेला पोरगा असेल तर त्याला लुगडं नेसवून जोगता करायचं. बाईपण, पुरुषपण, शेज, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. पोरीला काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ लिहून हे जग मराठी वाचकासमोर आणलं, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत.

मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींसाठी कायदा झाला, पण तो इंग्रजी मुलखापुरता. जत तेव्हा डफळ्यांचं संस्थान. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा यायला २००५ साल उजाडलं. तोवर किती पोरींच्या गळ्यात दर्शन पडलं, याचा जाब कुणाला विचारायचा?

जोगतिणी अजून आहेत, थकल्यात. त्यांना देवीची गाणी पाठ आहेत आणि स्वतःचं सांगण्यासारखंही पुष्कळ आहे. जतच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी येत्या यात्रेत त्यांच्यापाशी बसावं, त्यांच्या परवानगीने ते ध्वनिमुद्रित करावं आणि छापावं. कवयित्री म्हणून, सांगणारी म्हणून नाव त्यांचंच घालावं. संकलक प्राध्यापकाचं नाव खाली, बारीक टायपात.