कुकरवाले अण्णा

बीड जिल्ह्यात घरची ती ज्वारीची भाकरी. भात पाहुणा. तो सणावाराला येतो, लग्नाच्या पंगतीत वरणाबरोबर येतो, नाहीतर लेकराला ताप आला की मऊ होऊन येतो. आपल्याकडे तांदूळ फारसा पिकत नाही. रेशनवर मिळतो, बीडच्या सुभाष रोडवरच्या दुकानांत कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर असा नावानिशी मिळतो. पण ताटात भाकरी पडली नाही तर माणूस जेवून उठल्यावर विचारतो, ‘जेवायला कधी वाढणार?’ अशा मुलखात विजेचा राइस कुकर येऊन काय करणार, असं कुणालाही वाटेल. तो येतो आणि अण्णा तयार करतो.

अण्णा हे एका माणसाचं नाव नाही, ते एक वाण आहे. गेवराईत, माजलगावात, केजला, अंबाजोगाईत गल्लीगणिक सापडतं. अण्णा जिल्हा परिषदेतून नाहीतर बँकेतून निवृत्त झालेले असतात. नोकरी होती तोवर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून ‘पाणी’ एवढंच बोललेले असतात. मग पुण्याला असलेला मुलगा दिवाळीत खोकं घेऊन येतो. ‘आईला त्रास नको म्हणून आणलं.’ आईचा त्रास तिथून सुरू होतो.

कारण खोक्यात माहितीपुस्तिका असते. ती वाचणारा घरात एकच माणूस असतो. अण्णा चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचतात, महत्त्वाच्या ओळींखाली लाल शाई मारतात, पुस्तिकेला प्लास्टिकचं कव्हर घालतात आणि दुसऱ्या दिवशी घरात भात खातं सुरू होतं.

पहिला हुकूम मापाचा. कुकरबरोबर आलेला पांढरा कप १८० मिलिलिटरचा असतो. हे जपानी माप आहे. भांड्याच्या आतल्या रेघा त्याच कपाच्या हिशेबानं मारलेल्या. सून आपली घरातली वाटी घेते, रेघेपर्यंत पाणी ओतते आणि लगदा झाला म्हणून कंपनीला शिव्या देते. अण्णा कंपनीच्या बाजूनं उभे राहतात. शिवाय ते सांगतात की दुप्पट तांदळाला दुप्पट पाणी हा हिशेबच चूक आहे. तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या हिशेबात वाढतं, पण वाफेवाटे उडून जाणारं पाणी एक कप शिजवा की तीन, जवळपास तेवढंच असतं. हे त्यांचं अगदी खरं आहे, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो.

कप ते कपाटात मतदार ओळखपत्राशेजारी ठेवतात. एकदा तो हरवला तेव्हा दोन दिवस घरात भात शिजला नाही. सापडला ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, पीठ काढायला घेतला होता. त्यांनी तो धुऊन परत दिला आणि एवढंच म्हणाल्या, ‘चांगलाय की, पीठ बरोबर निघतंय.’

आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अण्णा कुकर उघडून दाखवतात. आतलं भांडं काढायचं, तापणाऱ्या तबकडीच्या मध्ये स्प्रिंगवर बसलेली गोल टिकली दाखवायची. तिच्यात लोहचुंबक. भांड्यात पाणी आहे तोवर तळ पाण्याच्या उकळण्यापलीकडे फारसा तापत नाही. (बीड समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या आसपास उंच, म्हणून इथं पाणी ९८ अंशांच्या सुमारालाच उकळतं. हे अण्णा कंसात सांगतात. मीही कंसातच लिहितो.) तांदळानं पाणी पिऊन टाकलं की तळ चढतो. साधारण १०३ अंशांच्या पुढं गेला की चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग उसळते आणि टक्. बटण वर. ‘हे यंत्र घड्याळ बघत नाही,’ अण्णा म्हणतात, ‘पाणी बघतंय. पाणी संपलं की बंद.’

यावर एका पाहुण्यानं विचारलं होतं, ‘म्हंजी आपल्या परळीवाणीच की?’ परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडलं होतं. अण्णांना हा विनोद आवडला नाही. पण पुढच्या पाहुण्याला त्यांनी तो आपला म्हणून सांगितला.

या चुंबकापायी आणखी नियम येतात. भांडं बाहेरून कोरडं पुसायचं. तबकडीवर तांदळाचा एक दाणा पडलेला चालत नाही. भांडं तिरकं बसतं, टिकलीला तळ नीट कळत नाही आणि भात खाली करपतो नाहीतर वर कच्चा राहतो. शिवाय तांदूळ आतल्या भांड्यात धुवायचा नाही, लेप खरवडतो. जुन्या तांदळाला पाणी जरा जास्त. बोअरच्या जड पाण्यानं भात पिवळट होतो, म्हणून लिंबाचे दोन थेंब, नाहीतर सरळ जारचं पाणी. तांदळाचं धुवण काकू जास्वंदीला घालतात. नळ कधी येणार याची चौकशी जिथं रोज सकाळी होते, तिथं धुवणही कुणी मोरीत ओतत नाही.

सगळ्यात कडक नियम मात्र बटण उडाल्यानंतरचा. दहा मिनिटं झाकण काढायचं नाही. वाफ मुरू द्यायची, मग लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या डावानं भात हलक्या हातानं मोकळा करायचा. नातवंडं ताटं घेऊन बसलेली, वरण निवत चाललेलं, आणि अण्णा कुकरसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला. वरण निवतं कारण ते प्रेशर कुकरमध्ये आधीच झालेलं असतं. पूर्वी त्याच प्रेशर कुकरात डाळ, तांदूळ, बटाटे तीन डब्यांत एका गॅसवर व्हायचे. आता डाळीला गॅस, भाताला वीज आणि भाताच्या विजेला अण्णा. काकूंचं म्हणणं, ‘पाच जणांच्या भाताला एक माणूस कायमचा लागला.’

जेवताना इतिहास असतो. १९५५च्या डिसेंबरात जपानात तोशिबा कंपनीनं आपोआप बंद होणारा राइस कुकर विकायला आणला. तो घडवला योशितादा मिनामी नावाच्या एका छोट्या कारखानदारानं. अण्णा मिनामींविषयी असं बोलतात की ते पाटोद्याचे असावेत. एकदा सुनेनं मोबाइलवर पुढचं वाचून दाखवलं. रोज भात लावून, पाणी आणि वेळ यांची नोंद करत तो प्रयोग वर्षानुवर्षं चालवला मिनामींच्या बायकोनं, फुमिकोनं, लेकरं सांभाळून.

‘म्हंजी भात बाईनंच शिजवला,’ काकू म्हणाल्या, आणि भाकरी थापायला लागल्या.

काकूंचं भाताच्या पाण्याचं मोजमाप बोटाच्या पेरावर आहे. भाकरीला तर तेही नाही. पिठात पाणी किती, हे त्या पिठाला हात लावून ठरवतात. अण्णांनी एकदा वजनकाटा आणून नोंदी घ्यायचा प्रयत्न केला. काकूंनी उलथनं वर केलं, तेवढ्यावर तो विभाग उघडण्याआधीच बंद झाला.

एवढं सगळं सांगून खरं सांगायला हवं: अण्णांचा भात उत्तम होतो. शीत न् शीत सुटं, मऊ, ना फडफडीत ना चिकट. भर शिजण्यात लाईट गेली तरी बटण खालीच राहतं आणि लाईट आली की कुकर सोडलं तिथून पुढं शिजवतो. पाहुणे तोवर भाकरी खाऊन हात धुतात, ही गोष्ट वेगळी. मसालेभाताच्या नादाला मात्र ते आता लागत नाहीत. त्यात कांदा परतायला घेतला की तळ तापून बटण मध्येच उडतं. त्यांनी ते चमच्यानं दाबून धरून पाहिलं. तेव्हापासून मसालेभात गॅसवर.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या जेवणाला, कुकर न्यायचा त्यांचा बेत आहे. मोटारीच्या स्टार्टरजवळ जोडणी होईल, असं त्यांनी लाईनमनला विचारून ठेवलंय. अडचण एकच निघाली. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला आहे. अण्णा परवा सुनेला विचारत होते, ‘येळवस रात्री केली तर काय हरकत आहे?’