तिसऱ्या कोटेशनच्या शोधात असलेल्या साहेबांस

माननीय संभाव्य ग्राहक महोदय,



काल रात्री पावणेअकराला आपला व्हॉट्सॲप संदेश पोचला. ‘संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. साधारण शंभर पाने, हजार प्रती. बेस्ट रेट पाठवा. अर्जंट.’ इतक्या मोजक्या शब्दांत इतके काही न सांगणे सोपे नाही. सकाळी छापखान्यात तो मोठ्याने वाचून दाखवला. बाइंडर म्हणाला, साइझ कुठली? मी त्याला दटावले. ग्राहक नवा आहे, पहिल्याच भेटीत असले खासगी प्रश्न विचारू नयेत.

तरी धीर करून विचारले. डेमी की क्राउन? आत 70 जीएसएमचा मॅपलिथो की 130 चा आर्ट पेपर? सगळी पाने रंगीत की फक्त जाहिरातींची? उत्तर आले, ‘चांगला कागद.’ या नावाचा कागद बाजारात मिळत नाही, साहेब. भाजीवालीला कोणी ‘पिशवीभर भाजीचे किती?’ असे विचारत नाही. छापखान्याला मात्र विचारता येते.

आता ‘साधारण शंभर’बद्दल. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापले जाते. सहा फॉर्म झाले की 96 पाने होतात. उरलेल्या चार पानांसाठी पुन्हा प्लेटा, पुन्हा मशीन लावणे. अध्यक्षांचे मनोगत जरा आटोपशीर झाले तर ही चार पाने सहज वाचतील. पण हे त्यांना सांगणार कोण, हा प्रश्न कोटेशनच्या कक्षेबाहेरचा आहे.

दुपारी आपण विचारलेत, ‘पाचशे प्रती केल्या तर निम्मे ना?’ नाही हो. सोळा पानांचा फॉर्म दोन्ही बाजूंनी चार रंगांत छापायचा तर आठ प्लेटा लागतात, प्रती पाचशे असोत वा हजार. रंग जुळेपर्यंत वाया जाणारे कागदही तेवढेच. प्रती निम्म्या झाल्या म्हणून मशीन निम्म्यात लागत नाही. फार तर कागद आणि बांधणीचा खर्च खाली येईल.

बजेट विचारले तर ‘तुम्हीच सांगा’ म्हणालात. सांगितले, तर ‘एवढे?’ म्हणालात. म्हणजे आकडा आपल्या मनात आहे, फक्त तो आम्ही ओळखायचा आहे.

‘यावेळी सांभाळून घ्या, पुढे भरपूर काम आहे’ हे वाचून मात्र गहिवरून आले. पुढची स्मरणिका बहुधा अमृतमहोत्सवाची, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तेव्हा जरूर सवलत देऊ. लेखी हवे असेल तर हे पत्रच जपून ठेवा.

पैशांबद्दल आपण लिहिलेत, ‘जाहिरातींचे आले की लगेच.’ आमची उद्यम नोंदणी आहे. 2006 चा एमएसएमई कायदा आमच्यासारख्यांचे पैसे देण्यासाठी लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस देतो, करार नसला तर 15. ‘जाहिरातींचे आले की’ हे कलम त्यात शोधले, सापडले नाही. तेव्हा निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल उचलताना.

सोबत कोटेशन जोडले आहे. 96 पाने, डेमी, आत 70 जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ 300 जीएसएम आर्ट कार्डवर मॅट लॅमिनेशनसह. कागदाचे भाव हलते असल्याने दर 15 दिवसांपुरता. अक्षरजुळणी आणि जीएसटी वेगळे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत संस्थापकांचा चेहरा ओळखू आला नाही, तर जबाबदारी आमची नाही.

आणि काम आपल्या मेव्हण्यांच्या प्रेसला आधीच गेले असून फायलीत तीन कोटेशने दिसावीत एवढ्यासाठीच हा खटाटोप असेल, तर तसे मोकळेपणाने सांगा. मग पानांचा हिशेब नको आणि कागदाचाही नको. लेटरहेडवर त्यांच्याहून मोठा आकडा टाकून गोल शिक्का मारून देतो. त्याचे पाचशे रुपये पडतील. हा दर पक्का आहे. घासाघीस नाही, आणि अर्जंट असेल तर आजच मिळेल.

आपला,
एक मुद्रक, नारायण पेठ, पुणे