लक्झरीने रोम

आमच्या धाराशिवात 'लक्झरी' या शब्दाचा अर्थ एकच : रात्रीची जेवणे उरकल्यावर पुण्या-मुंबईकडे सुटणारी, खिडक्यांना मळकट पडदे असलेली खासगी बस. त्यामुळे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाल्यावर, हाती आलेल्या उपदानाच्या रकमेतून रोम नगरीची सपत्नीक 'लक्झरी' सहल करण्याचा माझा मनोदय गल्लीत प्रकट झाला, तेव्हा शेजारच्या काकूंनी नितांत निरागसपणे, "लक्झरीनं किती रात्री लागतात हो? अन् मधी जेवायला कुठं थांबवतेत?" अशी जी पृच्छा केली, तीत त्या माउलीचा काडीइतकाही दोष नव्हता.

रोमच का, हा प्रश्न मात्र अनेकांनी केला. पुण्याच्या भाच्याचे मत पॅरिसच्या बाजूने होते आणि सौभाग्यवतींचा कल, सिनेमातील नायक-नायिका जेथे बर्फात सुती वस्त्रांनिशी बागडतात त्या प्रदेशाकडे होता. परंतु रोमकडे आमच्या जिल्ह्याची जुनी वसुली आहे, असे माझे महसुली मत असल्याने मी ढळलो नाही. आमच्या गावापासून जवळच असलेले तेर हे गाव संत गोरोबाकाकांचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून ज्या 'तगर'ची नोंद केली, ते हेच, असा निर्वाळा इतिहाससंशोधक फ्लीटसाहेबांनी 1901 साली दिला. या तगराहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या हाकीत भडोच बंदरी जाई (रस्त्यांचे हे वर्णन दोन हजार वर्षांत फारसे शिळे झालेले नाही), आणि तेथून जहाजे रोमच्या साम्राज्याकडे निघत. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स गिळतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन पंडिताने लिहून ठेवली आहे. सारांश, ज्या काळी रोमची चैन म्हणजे आमचा माल होता, त्या काळचे थोडेसे व्याज उपभोगून यावे, इतकाच माझा नम्र हेतू होता.

चैनीची व्याख्या करण्याचा प्रसंग मात्र बाका निघाला. भाच्याने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक पंचतारांकित हॉटेल दाखवून, "मामी, खिडकी उघडली की समोर कलोसियम!" असे मोठ्या उमाळ्याने सांगितले. मामींनी ते भग्न वर्तुळ क्षणभर निरखून, "नळदुर्गाचा किल्ला तरी बरा राखलाय," एवढाच अभिप्राय दिला आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला, "तिथं पाणी किती दिवसाआड येतं?"

या प्रश्नाचे उत्तर देताना मला विलक्षण संकोच झाला. रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार लोखंडी नळ असून, त्यांच्या तोटीच्या आकारावरून त्यांना तेथील लोक 'नाकाडे' अशा अर्थाच्या नावाने संबोधितात, आणि ती नाके अहोरात्र वाहत असतात. नाणी टाकण्यासाठी जगद्विख्यात असलेल्या त्रेवीच्या कारंज्याला पाणी पुरवणारा पाट तर आग्रिप्पा नामक सेनानीने इसवी सनापूर्वी 19 साली आणलेल्या पाण्याचाच वारस आहे. हे सर्व मी वाचून दाखविले. जिने आपले अर्धे आयुष्य पहाटेच्या नळाची चाहूल घेत, हंडे, घागरी आणि पिंपे भरण्यात वेचले, टँकरचा भोंगा ऐकून जी जेवत्या ताटावरून उठली, आणि 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले तेव्हा ते पाहून जिने हात जोडले, ती माझी सहधर्मचारिणी बराच वेळ स्तब्ध राहिली, मग अत्यंत कळवळून म्हणाली, "अहो, तर मग ते बंद करायला कुणीच नसतं का?"

हॉटेल ठरले. पंचतारांकित हॉटेलात दर माणशी दर रात्री 10 युरो नगरपट्टी निराळी भरावी लागते, हे कळल्यावर भाच्याने कपाळाला आठ्या घातल्या. मला मात्र, परमुलखातही कोणी इसम मुक्कामाचा हिशेब ठेवून इमानेइतबारे वसुली करीत आहे या जाणिवेने, भाऊबंद भेटल्याचा आनंद झाला.

तो आनंद व्हिसाच्या अर्जापर्यंतच टिकला. बत्तीस वर्षे ज्या हाताने 'कागदपत्रांची पूर्तता करून पुनश्च सादर करावे' असा शेरा असंख्य मिसलींवर मारला, त्याच हाताने आता बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणे, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि विवाहाचा दाखला यांची चळत लावणे नशिबी आले. आमच्या विवाहाचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे हळदीकुंकवाचे बोट लागलेली लग्नपत्रिका. गुरुजींच्या कृपेने आम्हां उभयतांचा जन्म 1 जूनचा. केवळ वर्षे भिन्न. पारपत्रावर मी उस्मानाबादचा रहिवासी, तर 2023 नंतरच्या सातबाऱ्यावर माझी जमीन धाराशिव जिल्ह्यात. तेव्हा हा गृहस्थ एका जिल्ह्यात राहून दुसऱ्या जिल्ह्यात सोयाबीन कसे पिकवतो, याचा खुलासा मला स्वतंत्र प्रतिज्ञापत्राने करावा लागला. छायाचित्रात हसू नये, ही अट तेवढी महसुली नोकरीने आधीच पुरी करून ठेवली होती.

हळूहळू ध्यानात आले की, या साऱ्या दप्तराचे मर्म एकाच गोष्टीत आहे : आपण परत येणार, हे सिद्ध करणे. सातबारा त्यासाठी, निवृत्तिवेतन त्यासाठी, परतीचे तिकीटही त्यासाठीच. किमान 30,000 युरोंचा जो विमा उतरवावा लागतो, त्यात तर प्रवासी तेथेच निवर्तल्यास त्याचे पार्थिव स्वदेशी पाठविण्याचीही तरतूद असते. म्हणजे मनुष्य मेला तरी त्याची परतीतून सुटका नाही. उलटपक्षी दुधाच्या पदार्थांना तिकडे मज्जाव असल्याने कुंथलगिरीच्या पेढ्यांना जाण्याचाच परवाना मिळाला नाही, आणि शेंगदाण्याच्या चटणीने ती रिकामी जागा तत्परतेने बळकावली.

निघण्यापूर्वी रंगीत तालीम म्हणून आम्ही तेरला गेलो. गोरोबाकाकांचे दर्शन घेतले, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर वेचलेल्या पुराणवस्तूंच्या संग्रहालयात शिरलो. मणी, मृण्मय मूर्ती, खापरे पाहत आम्ही तेरच्या हस्तिदंती बाहुलीपाशी पोहोचलो, तेव्हा मी घसा खाकरून माहिती दिली, की हिच्यासारखीच दागिन्यांनी मढलेली एक मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात सापडली, ती दख्खनमधूनच गेली असावी असे कित्येक अभ्यासक मानतात. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ती गाडली गेली, त्याच उद्रेकात आपला तो तक्रारखोर प्लिनीही दगावला. आणि हल्ली ती मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात असते, जेथे आपण रोमहून आगगाडीने सुमारे सव्वा तासात जाणार आहोत.

सौभाग्यवती त्या बाहुलीकडे, सासरी गेलेल्या लेकीची मैत्रीण भेटावी तशा पाहत राहिल्या. मग पिशवी चाचपीत हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिची बहीण गेली ती गेलीच. अहो, आपल्या परतीच्या तिकिटाची झेरॉक्स लावलीय ना?"