अडुसष्ट लिंगं आणि एक गड्डा

पुण्यात शिकणारी पोरं सुट्टीला सोलापुरात आली की येताना एखादी क्रांती घेऊन येतात. यंदाची क्रांती म्हणजे मॅस्टोडॉन नावाचं समाजमाध्यम. ‘‘इथं मालक नाही, जाहिरात नाही. हजारो सर्व्हर आहेत, पाहिजे तो निवडा,’’ पोरगं कट्ट्यावर सांगत होतं.

‘‘कुठला निवडू?’’ काकांनी विचारलं.

‘‘कुठलाही घ्या, सगळे एकमेकांशी बोलतात.’’

‘‘मग निवडायचा कशाला बे?’’

क्रांती तिथंच थांबली. तशी ती याआधीही थांबलेली आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये ट्विटरनं ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, तेव्हा देशभरातली चिडलेली मंडळी मॅस्टोडॉनवर गेली. तिथं ट्विटर किती वाईट हे त्यांनी सविस्तर लिहिलं आणि त्यावर लोक काय म्हणतात ते बघायला पुन्हा ट्विटरवर आली. 2022 मध्ये मस्कसाहेबांनी 44 अब्ज डॉलर मोजून ते दुकानच विकत घेतलं, तेव्हा हीच मिरवणूक जगभर निघाली. उलट जुलै 2023 मध्ये मेटाचं थ्रेड्स आलं आणि पाच दिवसांत 10 कोटी लोक आत! आत शिरायला लागणारं इन्स्टाग्रामचं खातं हाताशी होतंच. सर्व्हर कुठला, हे कुणी विचारलंच नाही.

हजारो सर्व्हरचं हे विकेंद्रीकरण सोलापूरला काय शिकवता? सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकातच या परिसरात अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्टही लिंगांना तैलाभिषेक होतो, एकाचाही मान चुकत नाही. पण पाळण्यात बसायला माणूस होम मैदानावरच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यावरच जातो. का? तर सगळं सोलापूर तिथं असतं म्हणून. आणि सगळं सोलापूर तिथं का असतं? तर सगळं सोलापूर तिथं असतं म्हणून.

त्यात आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड. ते रात्री किती वाजता सुटणार, हे कळतं गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुप सोडणाऱ्याला स्वातंत्र्य मिळतं, पाणी मिळत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी 2011 मध्ये आली. ती काही ग्राहकांच्या वैचारिक प्रबोधनानं आली नव्हती. नियम झाला, म्हणून कंपन्यांना तो पाळावा लागला. दुसऱ्या अ‍ॅपनं मागणी केली तर त्यावरचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपनं स्वीकारलाच पाहिजे, असा कायदा युरोपनं केला आहे. ग्रुपवरचं पाणी न तोडता अ‍ॅप बदलायची सोय आपल्याकडंही व्हायला हवी. तेव्हा क्रांतिकारकांनो, काकांना सर्व्हर समजावणं थांबवा आणि खासदारांना पत्र लिहा. ई-मेलनं पाठवलं तरी चालेल. ई-मेलही विकेंद्रितच आहे. फक्त तसं सांगून आजवर कुणी लोकांना घाबरवलेलं नाही.