सत्तेचाळीस किलोमीटरांचा बंदोबस्त

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयरिश-भाषक मुलखातून, ज्याला तिकडे गेल्टाख्त म्हणतात, स्वतः मोटार हाकीत समुद्रदर्शन करण्याचा ज्यांचा संकल्प असेल, त्यांनी प्रथम आपल्या महत्त्वाकांक्षेस आवर घालावा. तेथील पर्यटन मंडळाने २०१४ साली ‘वाइल्ड अटलांटिक वे’ या नावाने जो सुमारे २,५०० किलोमीटरांचा किनारी मार्ग जाहीर केला, तो एकाच रजेत पादाक्रांत करू पाहणारे सज्जन पुष्कळ आढळतात. परतताना त्यांच्यापाशी पेट्रोलच्या पावत्यांवाचून दुसरे स्मृतिधन नसते. आमच्या मते केरी परगण्यातील डिंगल द्वीपकल्पाच्या टोकास वळसा घालणारी स्ले हेडची वाट, जिची एकूण लांबी सुमारे ४७ किलोमीटर भरते, एका सुशिक्षित कुटुंबाच्या धैर्यास पुरून उरते.

ही प्रदक्षिणा शास्त्रोक्त दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच करावी, असा जाणत्यांचा निर्णय आहे. त्याचे कारण धार्मिक नाही. प्रवाशांच्या अवाढव्य बसगाड्या त्याच दिशेने जातात, आणि एका अंगास कातळ व दुसऱ्या अंगास महासागर अशा जागी त्यांच्याशी समोरासमोर गाठ पडणे कोणाच्याही प्रकृतीस मानवत नाही. तथापि आयर्लंडात वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे, या दिशेने जाणाऱ्याच्या डाव्या हाताचे आसन नेमके कड्याच्या बाजूस येते, आणि त्या आसनावर कोणास बसवावे हा प्रश्न निघण्यापूर्वीच निकालात काढावा लागतो. नकाशा वाचण्याचे कामही त्याच आसनाकडे असल्याने, जी व्यक्ती खाली पाहून किंचाळते ती नकाशा वाचू शकत नाही आणि जी नकाशा वाचते ती खाली पाहत नाही, हे ध्यानात घेऊन नेमणूक करावी. सासूबाईंना तेथे बसविण्याची सूचना आम्हांस अनेकांनी केली. ती आम्ही दप्तरदाखल केली आहे.

नकाशाविषयी एक इशारा. सरकारने २००४ सालच्या हुकमाने गेल्टाख्तमधील गावांच्या इंग्रजी नावांची अधिकृत मान्यता काढून घेतली. त्यावर डिंगलच्या रहिवाशांनी, पाहुण्यांस ठाऊक असलेले नाव गेले तर धंदा बुडेल या सबबीवर, हरकत घेतली, २००६ साली मतदान केले, आणि अखेरीस २०११ साली कायद्याने जुने नाव परत मिळविले. इतर गावांनी एवढी यातायात केली नाही. त्यामुळे दिशादर्शक पाट्यांवर बहुधा आयरिश नावेच असतात, आणि तुमच्या हातातील पुस्तकात मात्र दुसरीच. दोन्ही नावे समोरासमोर लिहिलेली वही सोबत नसल्यास, आपण ज्या गावाचा शोध करीत आहो त्यातूनच तीनदा गेलो, असे सायंकाळी उघडकीस येते.

रस्त्याकडेच्या फलकावरील ८० हा आकडा कायद्याने दिलेली परवानगी समजावी, आज्ञा नव्हे. फ्यूशियाच्या लालभडक कुंपणांमधून, आरसे मिटून घ्यावेत अशा बेताने रस्ता निघतो. भाड्याच्या करारनाम्यात आरसे, काचा व टायर यांची जबाबदारी पुष्कळदा भाडेकरूवर टाकलेली असते, हे कलम त्या क्षणी प्रथमच सुस्पष्ट होते. समोरून मोटार आल्यास, रुंद जागा ज्याच्या पाठीशी जवळ असेल त्याने मागे हटावे. तेथे प्रतिष्ठेचा प्रश्न उपस्थित करू नये. पलीकडचा स्थानिक चालक चाकावरून एक बोट इंचभर उचलील. तो नमस्कार आहे. त्यास प्रत्युत्तर म्हणून दोन्ही हात जोडण्याची आपली सवय येथे सक्तीने आवरावी.

पुढे ग्लेनफानला डोंगरावरचा ओढा, पुलाखालून जाण्याची औपचारिकता न पाळता, थेट रस्त्यावरून समुद्राकडे जातो. त्यास वाट द्यावी. डन्क्विनच्या धक्क्याकडे उतरणारी नागमोडी वाट मोहक दिसली तरी ती पायांसाठी आहे, मोटारीसाठी नव्हे. तेथून ग्रेट ब्लास्केट बेट दिसते, जेथील उरल्यासुरल्या रहिवाशांस सरकारने १९५३ साली मुख्य भूमीवर आणले, आणि जेथील टोमास ओ क्रिहन या कोळ्याने १९२९ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध करून जगाला आपल्या दारी बोलाविले. धुके असल्यास बेट दिसत नाही. अशा वेळी ते आहे असे मानून दहा मिनिटे त्या दिशेने पाहावे आणि कोणी छायाचित्र मागितल्यास धुक्याचेच काढावे.

मोटारीतील रेडिओ १९७२ पासून चालू असलेल्या गेल्टाख्तच्या आयरिश केंद्रावर ठेवावा. एक अक्षरही कळणार नाही, हे खरे. परंतु मराठीच्या बोलींचा जाडजूड खंड १९०५ साली ज्याच्या देखरेखीखाली छापला गेला तो ग्रिअर्सन डब्लिनकडचाच होता. त्याने आपल्या एवढ्या बोली ऐकविल्या-लिहविल्या, तर त्याच्या देशाची एक भाषा आपण दुपारभर ऐकण्यास प्रत्यवाय नसावा. मागील आसनावरून जुन्या गाण्यांची मागणी झाल्यास चिवडा पुढे करावा.

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळत असल्याने वेळ पुरला नाही ही सबब ग्राह्य धरली जाणार नाही. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी पाऊस असल्यास तोच रस्ता पुन्हा, ऊन असल्यास, पावसाची वाट पाहून, तोच रस्ता पुन्हा. यावर तीव्र नापसंती व्यक्त करणाऱ्यांना कॉनर खिंडीतून न्यावे. तेथे दोन टनांहून जड वाहनांस मज्जाव आहे, तेव्हा सामान आधी मुक्कामावर उतरवून ठेवावे. नापसंती मात्र सोबत नेण्यास हरकत नाही.