घाटाचं पाणी, घरचा गीझर

खोलीतला दिवा तसाच ठेवून पोरगं खेळायला पळालं, की घरोघरी एकच गर्जना होते : "तुझ्या बापाचं पॉवरहाऊस आहे का रे?" खोपोलीत मात्र हा प्रश्न जपून विचारावा. "बाबा आज सेकंड शिफ्टला आहेत," असं सरळ उत्तर यायचं!

टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासूनचं, कर्जतजवळचं भिवपुरीचं १९२२चं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरलं, खोपोलीत वीज झाली आणि ती निघाली थेट मुंबईच्या गिरण्यांकडे. खोपोलीच्या खालापूर तालुक्याच्या वाट्याला उरलं पाताळगंगा नदीत सोडलेलं पाणी.

म्हणून हिशेबही पाण्यातच करावा. हजार वॉट तासभर वापरले की एक युनिट. तेवढ्यासाठी घाटावरून साधारण ८५० लिटर पाणी उतरवावं लागतं. आपल्या मीटरात येणारी वीज कुठली, ते ग्रिडच जाणे. पण युनिट दिसत नाही, पाणी डोळ्यांपुढे येतं.

ज्याच्यावरून गर्जना झाली तो दिवा ९ वॉटचा. आठ तास जळला तरी साठेक लिटर. ७५ वॉटचा पंखा तेवढाच वेळ फिरला, तर पाचशे. आणि गर्जना करणारे ज्या २००० वॉटच्या गीझरच्या पाण्याने नुकतेच न्हाऊन आले, तो अर्धा तास तापला की पुरते साडेआठशे! टीव्ही बंद करूनही जागा राहणारा सेट-टॉप बॉक्स १० वॉटचा धरला, तरी महिन्याला सात युनिटं, म्हणजे सहा हजार लिटर. त्याला कुणी बोलत नाही. आपला राग वॉटवर नसतोच, उजेडावर असतो.

फ्रिजला मात्र २४ तासांनी गुणून बदनाम करू नये. त्याचा कॉम्प्रेसर अधूनमधून विसावा घेतो. वर्षाची अंदाजे युनिटं त्याच्या स्टार लेबलावर छापलेली असतात.

महावितरणच्या बिलात शंभराच्या पुढे दर चढतो, तोही फक्त पुढच्या युनिटांना. मग मे महिन्यात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, एकशे एकावं युनिट कुणाचं? मीटर आकडा सांगतं, नाव सांगत नाही. सांगत असतं, तर पुढच्या मे महिन्यात पाहुणेच आले नसते.