कडेने जाऊ नका

संध्याकाळी क्लासला निघालेल्या मुलीला आई जिन्यातून ओरडून सांगते, "कडेने जा गं!" त्या हाकेत सगळी माया आहे. सल्ला मात्र चुकीचा आहे. चुकीच्या सल्ल्याने जीव जातात, म्हणून आज त्याच्याशीच भांडायचं आहे.

रस्त्याची कड म्हणजे काय, ते एकदा थांबून बघा. पुण्यातला टिळक रस्ता घ्या, नाहीतर तुमच्या गावातली मुख्य पेठ. पहिल्या दोन-तीन फुटांत पावसाळी गटाराची जाळी, रस्त्याच्या पातळीशी कधीच न जुळलेलं चेंबरचं झाकण, खडी, वाळू, काचा. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असल्या, की सायकलचं बारीक चाक थेट आत रुततं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पुढे उभ्या मोटारींची रांग. तिच्यातून अचानक तोंड बाहेर काढणारी रिक्षा. समोरून राँग साइडने येणारा दुचाकीवाला, तोही कडेनेच. रस्त्यावरचा सगळा धोका जिथे गोळा झालाय, तिथेच आपण सर्वांत नाजूक वाहन पाठवतो.

सायकलवाल्याने कडेपासून हातभर तरी आत चालावं. गर्दीच्या, संथ रस्त्यावर आणखी आत. उभ्या मोटारींपासून एका दाराचं, म्हणजे साधारण एक मीटरचं अंतर ठेवावं. हा माझा हट्ट नाही. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमांचं पुस्तक सुधारलं, त्यात हे एक मीटर लिहिलेलं आहे. शांत रस्त्यावर आणि चौकाजवळ येताना सायकल लेनच्या मधून चालवावी, असंही त्यात आहे. आपल्यासारखीच डावीकडून वाहनं चालवणारा देश आहे तो.

आत चालण्याचं खरं कारण मागच्या गाडीत आहे. तुम्ही कडेला चिकटलात, की मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो कट मारतो. तुम्ही जरा आत असलात, तर त्याला वेग कमी करून, बाजू बदलून, नीट ओव्हरटेक करावं लागतं. तो हॉर्न वाजवेल, खिडकीतून चार शब्द बोलेल. बोलू द्या. हॉर्न वाजवतोय म्हणजे तुम्ही त्याला दिसलात. मात्र नागमोडी जाऊ नका. दोन उभ्या मोटारींमध्ये जागा मिळाली म्हणून आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, यात मागच्याला तुमचा अंदाजच येत नाही. एक रेघ धरा. वळायच्या आधी मान वळवून मागे बघा, हात दाखवा, मग वळा.

दाराचा प्रश्न मोटारवाल्यांच्या हातात आहे, अगदी शब्दशः. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि त्याचं दार वाहत्या रस्त्यावर उघडतं. ते उजव्या हाताने ढकललं, तर नजर समोरच राहते. डाव्या हाताने उघडलं, तर खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. दाराजवळचा हात न वापरता लांबचा वापरायचा, बस्. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी आहे, ब्रिटनने २०२२ मध्ये तीही पुस्तकात घेतली. त्याला एक पैसा लागत नाही. ड्रायव्हिंग शाळेत पहिल्या दिवशी शिकवावी आणि मागे बसणाऱ्या पोरांनाही लावावी अशी ही सवय आहे.

आता बस आणि डंपर. इथे मी हात जोडून सांगतो: सिग्नलला त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहू नका. चालक उंचावर, उजव्या टोकाला बसलेला असतो. डाव्या दाराच्या खाली, पुढच्या चाकाजवळ उभा असलेला सायकलवाला त्याला दिसतच नाही. सिग्नल सुटतो, गाडी डावीकडे वळते, आणि वळताना तिचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून, कडेच्या जवळून जातं. मधली जागा मिटत जाते. तुम्ही कितीही सावध असलात, तरी त्या क्षणी जायला जागा उरत नाही. मागे थांबा. एक सिग्नल गेला तर गेला. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला तुम्हीही दिसत नाही.

हे सगळं पाळूनही माणूस मरतो, हे सांगितलं नाही तर हा लेख खोटा ठरेल. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर अवतार सैनी सायकल चालवत होते. इंटेलच्या भारतातल्या कारभाराचे माजी प्रमुख, पेंटियम चिपच्या कामात मोठा वाटा असलेले अभियंते. टॅक्सीने धडक दिली आणि ते गेले. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत चार हजारांहून जास्त सायकलवर होती. वेग ३० वरून ६० वर गेला, की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तिच्यापुढे हेल्मेटचं काय चालणार? हेल्मेट जरूर घाला, पडलात तर डोकं वाचतं. पण प्रत्येक अपघातानंतर "हेल्मेट होतं का?" हाच पहिला प्रश्न विचारणं बंद करा. गाडी किती वेगात होती, हे आधी विचारा.

आणि सायकलवर असतं कोण? पहाटेच्या टोळीतले चकचकीत टी-शर्टवाले आपल्याला दिसतात. रात्री दहाला ड्युटी संपवून निघालेला वॉचमन, बांधकामावरून परतणारा गवंडी, पेपर टाकणारा पोरगा दिसत नाही, कारण त्याच्या सायकलला दिवाच नसतो. एके काळी याच पुण्यात बिनदिव्याच्या सायकलवाल्याला पोलीस अडवायचे. डायनामो गेला, तसा दिव्याचा आग्रहही गेला. तो परत यायला हवा, पण दंडाची पावती घेऊन नव्हे. ज्यांच्या दारात वॉचमन उभा असतो, त्या सोसायट्यांनी दिवा आणून द्यावा.

गेल्या आठवड्यात मी आमच्या वॉचमनच्या सायकलला मागच्या मडगार्डवर आणि दोन्ही पेडलांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या, सीटखाली लाल ब्लिंकर लावला. पेडल खाली-वर होतं तेव्हा पट्टी हलते, आणि हलती गोष्ट लांबून लवकर नजरेत भरते. तो म्हणाला, "मागून हॉर्न वाजला की मी पार गटाराला लागतो, दादा." मी म्हटलं, "आता लागू नका." त्याने मान हलवली, पण त्याला पटलेलं दिसलं नाही. वीस वर्षांची सवय आहे. आज रात्री मी त्याच्याबरोबर माझी सायकल घेऊन सिंहगड रस्त्यापर्यंत जाणार आहे. त्याच्या मागे, कडेपासून हातभर आत.